क्लच जड लागतोय

आकाशवाणी चौकात वाहनं हलली, मागच्या बसनं हॉर्न दिला आणि संघमित्राची गाडी एक गचका खाऊन जागच्या जागी बंद पडली. गचका काही फार मोठा नव्हता. शेजारच्या सीटवरची पर्स खाली पडली, पाण्याची बाटली घरंगळत दाराला जाऊन लागली, एवढंच. पण शिकाऊ माणसाची गाडी बंद पडते तशी ती पडली होती, आणि संघमित्रा काही शिकाऊ नव्हती. कॉलेजात होती तेव्हापासून ती गाडी चालवत आली होती. तिनं पुन्हा इंजिन चालू केलं, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. पुन्हा गचका. बस बाजूनं काढताना ड्रायव्हरनं वाकून आत पाहिलं, आणि आत बाई दिसल्यावर त्याच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते तिला दिवसभर पुरलं. तिसऱ्या खेपेला गाडी निघाली. चौक मागे पडला तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की गॅरेजवाल्या अभिमननं नवा क्लच नीट बसवलेला नाही. दुसरा विचारही दाराशी येऊन उभा होता. त्याला तिनं आत घेतलं नाही.

गाडी हा तिच्या आयुष्यातला एकुलता एक उधळेपणा. बाकी सगळं कसं रीतसर होतं. जळगावात कान तपासायचा स्वतःचा दवाखाना, दोन खोल्यांचं नेटकं घर, दर पंधरवड्याला धुळ्याला देवपुरात आईकडे फेरी. लग्न केलं नाही, ते का केलं नाही हे नातेवाइकांनी विचारून विचारून शेवटी सोडून दिलं. मग एक दिवस तिनं ही गाडी आणली. जुनीच, पण टर्बोचं इंजिन, सहा गिअर, ते हातानं टाकायचे, आणि आधीच्या मालकानं संगणक लावून इंजिनाची ताकद वाढवून ठेवलेली. देवपुरातल्या गल्लीत ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा शेजारचे धनसिंगआबा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले होते, "पोरी, हाई गाडी शे का इमान?" गाडीला विमान म्हटलेलं ऐकून संघमित्रा हसली होती. आपण रस्त्यावर कुणालाही मागे टाकू शकतो, हे नुसतं माहीत असण्यातही एक सुख असतं. ती प्रत्यक्षात फारसं कुणाला मागे टाकत नसे. पण या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एरंडोलच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर तिनं चौथ्या गिअरमध्ये पाय दिला आणि इंजिन नुसतंच ओरडलं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर चढत गेला, गाडी आपली होती त्याच चालीनं. खालून जळका वास आला. क्लच घसरतोय हे तिला कळलं, आणि कळल्याचा एक प्रकारचा आनंदही झाला, कारण काय बिघडलंय हे नेमकं कळणं तिच्या धंद्यातसुद्धा फार क्वचित घडतं.

अभिमनचं गॅरेज नशिराबादच्या पुढे, हायवेला लागून. घरची केळी होती, पण त्याचं मन केळीत नव्हतं. आजूबाजूच्या चार जिल्ह्यांतली असली माजलेली वाहनं त्याच्याकडे येत आणि तो त्यांना आणखी माजवून परत पाठवी. बोलणं असं, की इंजिन त्यानंच शोधून काढलं असावं. "मॅडम, घोडा तुमी रेसचा घेतला आन् लगाम सुतळीचा ठेवला," तो म्हणाला, "मंग घसरीन नाही तर काय करीन?" कंपनीची प्लेट वाढवलेल्या ताकदीला पुरत नाही, तेव्हा जड दाबाचा क्लच टाकायचा, आणि गिअरबॉक्स उतरवतोच आहोत तर फ्लायव्हीलही बदलून टाकायचं. जुनं फ्लायव्हील त्यानं तिला हातात धरायला दिलं तेव्हा ती वाकलीच. इंजिनाच्या शेपटाला फिरणारं ते चाक दोन तुकड्यांचं होतं, मध्ये स्प्रिंगा. इंजिनाची सगळी धडधड ते स्वतः गिळायचं आणि माणसाला गाडी कशी मऊ, शांत वाटायची. नवं एकसंध पोलादाचं, वजनाला निम्मं. ते काही गिळत नाही, म्हणून गाडी चटकन पळते, पण इंजिनाच्या पोटात जे आहे ते सांगूनही टाकते. "आवाज करीन," अभिमननं आधीच बजावलं होतं. "उभी असली, न्यूट्रलमधी, आन् क्लचवरचा पाय काढला का खडखड येईन. क्लच दाबला का बंद. तो दोष नाही बरं, मंग मले फोन करून भांडू नका. आन् प्लेट बसेपर्यंत हळू चालवा." जळलेली जुनी प्लेट त्यानं पालथी केली, तिच्यामागची, क्लच दाबला की टेकणाऱ्या बेअरिंगनं घासून चकचकीत झालेली पोलादी बोटं तिला दाखवली आणि सहज विचारलं, "क्लचवर पाय ठेवून चालवता का हो?" ती जवळजवळ चिडून नाही म्हणाली. ती सवय तिला असणंच शक्य नव्हतं. ती कुणाची शिष्या होती हे त्याला कुठं ठाऊक होतं.

आवाज खरोखरच आला. डब्यात हरभरे घालून कुणी हलवावेत तसा. पहिले दोन दिवस दवाखान्याच्या आवारात गाडी उभी करताना लोक वळून पाहत आणि ती उगाचच ओशाळत असे. कानवाल्या मॅडमची गाडी अशी वाजावी म्हणजे दंतवैद्याच्या तोंडात दात नसावेत तसंच झालं. पण आवाजाचं तिला काही नव्हतं. आवाज तिला समजतात. तिला समजेना तो क्लच. कधी तो दगडासारखा वाटे, तर कधी पायाखाली काही नाहीच असं वाटे, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं. तो नेमका कुठं पकडतो तेच सापडेना. पूर्वी ती जागा तिला विचार न करता माहीत होती. जिभेला दात माहीत असतात तशी. आता ती रोज नव्या ठिकाणी असायची. चौकातल्या त्या गचक्यानंतर ती दवाखान्यात आली, पंखा लावला आणि टेबलाखाली डाव्या पायाची बोटं हलवून पाहिली. हलली. म्हणजे हलली असावीत. तिनं वाकून पाहिलं नाही.

त्या दिवशी पहिलाच पेशंट जीवरामनाना निघाले. पाळधीकडचा म्हातारा, धोतर कडक, मिशा त्याहून कडक, सुनेनं ओढून आणलेला. संघमित्रानं विचारलं, "नाना, ऐकायला कधीपासून कमी येतं?" नाना डोळे बारीक करून तिच्या ओठांकडे पाहत राहिले आणि मग गरजले, "माले बठ्ठं ऐकू येस! मन्हा कानले काय धाड भरनी? लोकेच आते हळू बोलतस. पह्यले कसा खणखणीत आवाज व्हता लोकेसना!" सून कपाळाला हात लावून हसली. संघमित्राही एरवी हसली असती. बहिऱ्या माणसाचं हे म्हणणं तिनं इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की तिला ते पाठ होतं. कुणी म्हणतो लोक पुटपुटतात, कुणी म्हणतो पंखा फार वाजतो, कुणाचा फोनच खराब असतो. जग सगळं हळू झालेलं असतं, कान तेवढा जागेवर असतो. तिनं नानांना काचेच्या खोलीत बसवलं, भिंतीकडे तोंड करून, कारण समोर बसवलं तर तिचा हात बटणावर गेलेला पाहूनच पेशंट बोट वर करतात. ते लबाडी करत नाहीत, त्यांना खरंच ऐकू आल्यासारखं वाटतं. नानांनी बरीचशी बोटं वर केलीच नाहीत. प्रमाणपत्रावर तिनं नेहमीप्रमाणे 'कर्णबधिर' लिहिलं, आणि त्या शब्दावर तिचं पेन अडकलं. आजवर तिनं तो हजारदा लिहिला असेल, पण त्याचा पुढचा तुकडा सुटा करून कधी पाहिला नव्हता. बधिर. कान असला तरी बधिर आणि पाय असला तरी बधिरच. दोन्हींसाठी आपल्याकडे एकच शब्द आहे, ही गोष्ट कुणा शहाण्यानं ठरवली होती की ती आपली अशीच पडून गेली होती, हे तिला कळेना. सून म्हणाली, "मॅडम, सही राह्यली." तिनं सही केली.

घरी आल्यावर तिनं स्वतःला तपासायचं ठरवलं, म्हणजे क्लचला तपासायचं ठरवलं; या दोन गोष्टी ती मुद्दाम एकमेकींत मिसळू देत होती. पार्किंगमध्ये बसून तिनं उजवा पाय उचलून क्लचवर ठेवला आणि दाबला. जड लागला! चांगलाच जड लागला. तिला इतकं हायसं वाटलं की ती मोठ्यानं "हां" म्हणाली. उजव्यालाही जड लागतो म्हणजे क्लचच जड आहे, डाव्याचा काही दोष नाही. जिना चढेपर्यंत हे समाधान टिकलं. दाराला किल्ली लावताना तिच्या मनात आलं, उजवा पायही त्याच वाटेला लागला असेल तर? मग उजव्याची साक्ष कशी धरायची? बाथरूममध्ये तिनं डोळे मिटून उभं राहून पाहिलं. तोल गेला. पण डोळे मिटून ओल्या फरशीवर कुणाचा जाणार नाही? कंगव्याचे दात तिनं डाव्या तळव्यावर ओढले, ते लागले. मग वाटलं, आपण पाहत होतो म्हणून लागल्यासारखे वाटले. न पाहता ओढले, तरी ओढणारा हात आपलाच, त्याला तर ठाऊकच आहे. भिंतीकडे तोंड करून बसावं आणि मागून दुसऱ्या कुणीतरी हात लावावा, अशी ही परीक्षा. आणि त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. एकटेपणाचा तिला तोवर कधी असा त्रास झाला नव्हता. कंगवा हातात धरून ती बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिली आणि तिला फार भीती वाटली.

भीतीला नाव होतं, आणि ते नाव तिच्या वडिलांचं होतं. आधार. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात ते जीप चालवत. लशींची पेटी मागे घालून साक्री, पिंपळनेर, तिथून पुढे डोंगरातल्या पाड्यांपर्यंत. माणसाचं नाव आधार, आणि शेवटी आधाराशिवाय मोरीपर्यंतही जाता येईना, असं लोक त्यांच्यामागे बोलत. लोकांना काय, नावावर बोलायला फुकट असतं. पांझरेकाठच्या मैदानावर त्यांनी तिला शिकवलं होतं. सुटीच्या दिवशी, आपल्या एका मित्राच्या जुन्या गाडीवर, कारण सरकारी जीपला घरच्या माणसानं हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. ती क्लचवर पाय ठेवून बसे आणि ते खिडकीतून ओरडत, "पाय काढ, पाय काढ! क्लच पाव्हना शे, त्यान्हा काम व्हयना का त्याले सोडी दे. धरी बसशी ते जळी जाई." तिला तेव्हा तो पाहुणा दिसे, टोपी घातलेला, काम झालेला, निघायची घाई असलेला, आणि हसू येई. पाय गाडीच्या फरशीवर ठेवायचा. गिअर पडला की पाय फरशीवर. इतकं तिच्या अंगात मुरलं होतं ते. आणि मग कधीतरी, ती शिकायला बाहेर होती तेव्हा, सुटीत घरी आली की वडील जेवताना सांगायला लागले, की जीपचा क्लच जड झालाय. खात्याच्या वर्कशॉपनं केबल नीट ओढली नाही. मग ओढली, तर जास्त ओढली. मग नवी टाकली, तीही जड. वर्षभर, त्याहून जास्तच, जेवताना तोच विषय. वर्कशॉपमधले लोक हसायला लागले होते, म्हणत, आधारभाऊ, जीप ठीक आहे हो. ते घरी येऊन म्हणत, त्यांना काही समजत नाही. तिनंही तेव्हा वडिलांचीच बाजू घेतली होती. सरकारी वर्कशॉप असंच असतं म्हणाली होती. पुढे पाय ओढला जायला लागला, मग दुसरा, मग नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, रक्तातून उतरतो, मुलांनी तपासून घ्यावं. तिनं घेतलं नाही. आधी म्हणाली परीक्षा आहेत, मग म्हणाली बघू, मग वडील गेले आणि विषयच गेला. लग्नाच्या गोष्टी आल्या तेव्हा ती प्रत्येक वेळी काहीतरी खुसपट काढी. पोराचं नाक, पोराची नोकरी. खरं कारण आईलाही सांगितलं नाही. न तपासलेला माणूस निरोगीच असतो, निदान तपासेपर्यंत. आणि आता ती स्वतः रोज सकाळी गाडीत बसून वडिलांचंच वाक्य म्हणत होती, शब्द न शब्द तेच. पण खरोखर जड क्लच टाकलेला असताना कुणी क्लच जड आहे म्हणालं, तर ते आजाराचं लक्षण कसं? वडिलांच्या जीपला काही टाकलेलं नव्हतं. तिच्या गाडीला टाकलं होतं. हा फरक तिनं घट्ट धरून ठेवला.

म्हणून ती पुन्हा नशिराबादला गेली. भांडायच्या तयारीनं गेली, कारण भांडण झालं असतं आणि अभिमनची चूक निघाली असती तर तिला त्याला पेढे द्यायचे होते. अभिमन शेजारी बसला, पट्टा लावण्यात त्याला अपमान वाटला, पण तिनं लावायला लावला. भुसावळच्या दिशेनं थोडं जाऊन दोघं परत आले. गॅरेजच्या दारात तिनं गाडी उभी केली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, पाय बाजूला फरशीवर ठेवला, आणि कान दिला. खडखड नव्हती. अगदी नाही. गाडी मऊ घुमत होती. "आवाज गेला की हो," ती म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला. "प्लेट बसली वाटतं. मग आता क्लचही हलका होईल ना?"

अभिमननं तिच्या पायांकडे पाहिलं. मग हसला. "मॅडम, पाय काढा बरं."

"काढलाय."

"काढा ना पन."

"अहो, काढलाय. फरशीवर आहे."

"असं कसं म्हन्ता? आवाज येऊन नाही राह्यला म्हंजे पाय वर हाय. खाली पाहा."

तिनं खाली पाहिलं. पाय क्लचवर होता. वर टेकलेला नव्हे, दाबलेला. तिचाच पाय, तिचीच पोटरी ताठलेली, आणि तो तिथं आहे याची तिला कसलीही बातमी नव्हती. तिनं डोळ्यांनी पाहत पाहत तो उचलला, एखादी वस्तू उचलून बाजूला ठेवावी तसा, आणि त्याच क्षणी गिअरबॉक्समधून खडखड सुरू झाली. अभिमन खुशीत आला. "मी म्हनलो नव्हतो? सवय हाय तुमाले. बायकायले असतेच. जुनी प्लेट अशीच खाल्ली तुमी." एरवी त्याच्या 'बायकायले'चा तिनं तिथंच समाचार घेतला असता. त्या वेळी तिला त्याचे उपकार वाटले. सवय! सवय लागू शकते. वडिलांनी शिकवलं त्याला किती वर्षं झाली. गर्दीत चालवून चालवून कुणालाही लागते. नवा पेडल थोडा उंच असेल, पाय ठेवायची जागा कुठं संपते ते कळत नसेल, पायपुसणं मध्ये येत असेल. एवढी कारणं असताना एकच कारण घेऊन बसायचं म्हणजे अपशकुनीपणा. अभिमननं पायपुसणं खरोखरच मागे सरकवून दिलं आणि म्हणाला, ध्यान ठेवा फक्त. ती म्हणाली ठेवीन. पण कशानं ठेवायचं हे तिनं विचारलं नाही, आणि त्यालाही सांगता आलं नसतं.

ते तिचं तिलाच सापडलं. बुद्धपौर्णिमेला आई खीर करून वाट पाहते, म्हणून सकाळची कामं उरकून ती धुळ्याला निघाली, वैशाखातलं ऊन काचेतूनसुद्धा अंगावर येत होतं, आणि पाळधीच्या पुढे रस्त्याच्या कामापाशी वाहनं थांबली. तिनं न्यूट्रल केलं, पाय काढला असं तिला वाटलं, आणि तिनं ऐकलं. शांत होतं. म्हणजे पाय वर आहे. तिनं मांडी उचलली, खडखड आली. म्हणजे आता खाली आहे. जो आवाज तिनं दोन आठवडे लाजत लाजत सोसला तो आता तिला हवाहवासा वाटायला लागला. पाय कुठं आहे हे पाय सांगत नव्हता, कान सांगत होता. आणि कान तिचा चांगला होता, त्याच्या जोरावर तर तिचं पोट चालत होतं. एरंडोलच्या उड्डाणपुलाखाली खडखड, म्हणजे ठीक. पारोळ्यात बाजार समितीच्या ट्रॅक्टरांमागे खडखड, म्हणजे ठीक. तिला वाटलं, बहिरी माणसं ओठ वाचून संसार करतात, चाळीस चाळीस वर्षं करतात, तसं हेही चालवता येईल. का नाही? कानानं चालवायची गाडी. एकीकडे तिला हे भयंकर शहाणपणाचं वाटत होतं, आणि दुसरीकडे हे ज्याला सुचावं लागतं तो माणूस निरोगी नसतो हेही तिला समजत होतं. दोन्ही एकाच वेळी समजत होतं, आणि कोणतं धरावं ते ठरत नव्हतं. तिथल्याच किल्ल्याच्या बाजूनं एक म्हातारी रस्ता ओलांडताना मध्येच थबकली, संघमित्रानं दोन्ही पाय दाबले, म्हणजे दाबले असावेत, गाडी थांबली. म्हातारी निघून गेली. तिनं क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली, भर रस्त्यात, मागे ट्रक. थांबायला मदत झाली ती उजव्या पायाची. पण उद्या उजवाही असा गप्प झाला तर? ती म्हातारी आता कुठं असेल, सावलीत पोचली असेल का, असला काहीतरी भलताच विचार करत तिनं गाडी सुरू केली. स्टिअरिंग हातांना तापलेलं लागत होतं. हातांचं मात्र तिला कळत होतं.

देवपुरात पोचली तेव्हा दुपार अगदी डोक्यावर होती. गल्लीच्या तोंडाशी पौर्णिमेचा मांडव घातलेला, पंचशीलाच्या पताका उन्हात निपचित लोंबत होत्या, मांडवात खुर्च्या आणि पाण्याचे जार सोडले तर कुणी नव्हतं. आत गाडी न्यायला वाट नव्हती, म्हणून तिनं ती लिंबाखाली लावली आणि इंजिन बंद केलं. सगळं एकदम शांत झालं. वाटभर जे कानाशी बोलत होतं ते थांबलं. तिनं खिरीसाठी आणलेल्या बदामांची पिशवी घेतली, दार लावलं आणि गल्लीतून चालायला लागली. चालताना मनात बेत पक्का केला: आईला आज काही सांगायचं नाही, सण आहे, पुढच्या आठवड्यात एकदा नाशिकला जाऊन येऊ, नाहीतर पावसाळा लागू दे, तोवर क्लच रुळेल, तेव्हा काय ते बघू. सिमेंटच्या रस्त्यावरून वाफ निघत होती. कुत्री गटाराच्या ओलीत जाऊन पडली होती. घराच्या ओट्यावर पत्र्याची सावली होती आणि त्या सावलीत आई उभी होती, पदर डोक्यावरून, पांढरी साडी नेसलेली, हातात पळी तशीच.

"उनी का वं बाई? इतल्या उनमां?" नर्मदाबाई म्हणाल्या.

"रस्त्याचं काम होतं गं पाळधीजवळ," असं म्हणत संघमित्रा ओट्यावर चढली आणि दारात चपला काढायला लागली. भिंतीला हात लावून उजव्या पायातली झटकली, ती निघून बाजूला पडली. डाव्या पायातली झटकली. काही पडलं नाही. तिनं पुन्हा झटकली. आई तिच्या पायांकडे पाहत होती.

"एकच घाली उनी?" आई म्हणाली. "दुसरी कोठे शे?"

संघमित्रानं वळून पाहिलं. गल्लीच्या मधोमध, मांडवाच्या बरीच अलीकडे, तिची डावी चप्पल उन्हात पडलेली होती, सरळ, आत्ता कुणी पाऊल काढून घ्यावं तशी. तिथून ओट्यापर्यंत ती चालत आली होती. ती काही बोलायच्या आत नर्मदाबाईंनी पळी खिडकीत ठेवली आणि त्या उतरल्या, अनवाणीच, आणायला. दोन पावलं गेल्या आणि त्यांच्या तोंडून "अगं माय वं!" निघालं. साडी घोट्यावर धरून, टाचांवर, मग चवड्यांवर, उड्या मारल्यासारख्या त्या गेल्या, चप्पल उचलली, आणि तशाच "भाजनं, भाजनं वं माय" करत धावत सावलीत आल्या. या वयात आईला असं धावताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या रस्त्यावरून माणूस कसा चालतो ते तिनं पाहिलं. सांगता येण्यासारखी सगळी कारणं, पेडल उंच असण्याची, पायपुसण्याची, सवयीची, प्लेट बसायची, तिच्या मनात एकामागून एक आली आणि यातलं एकही या रस्त्याला लागू पडत नव्हतं. तिला रडू आलं नाही. वडिलांची फार आठवण आली, ताटावर बसून केबलचं सांगणारे, आणि आपण त्यांना हो हो म्हणालो याचं वाईट वाटलं.

नर्मदाबाई ओट्याच्या कडेला बसून तळवे चोळत होत्या, हसत होत्या, तव्यासारखं तापलंय म्हणत होत्या. चोळता चोळता त्यांचा हात थांबला. हातातल्या चपलेकडे त्यांनी पाहिलं, मग लेकीच्या डाव्या पायाकडे, मग रस्त्याकडे. आधारच्या शेजारी त्यांनी सगळी वर्षं काढली होती. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

"मित्रा, तुना पाय भाजना नई का वं?"

आत खीर उतू जात असल्याचा वास येत होता. दोघींतलं कुणी उठलं नाही. संघमित्रा खाली बसली, डावा पाय हातांनी उचलून आईच्या मांडीवर ठेवला. तळव्याला मोठा फोड आलेला होता.

"नाही, आई," ती म्हणाली. "मला कळलंच नाही."